गंजीवरची बाई

अमरावती,
१२ नोव्हेंबर २००६

देवश्री,

तुझ्या मैत्रिणीच्या, माहेनूरच्या पत्त्यावर लिहितो आहे. तिला सांग, पाकीट फोडून वाचलंस तर तुझ्या निकाहात बँड मी वाजवीन, तोही बेसूर. तुझ्या बाबांनी तुझा मोबाइल काढून घेतला हे तिच्याकडूनच कळलं. एका अर्थी बरंच झालं. मला ज्या शिव्या द्यायच्या आहेत त्या मेसेजमध्ये मावल्या नसत्या.

अकोल्याला तुमच्या बैठकीत बसून तुला मागणी घातली, त्याला महिना झाला. तुझ्या बाबांचं, ॲड. कमलाकांत यांचं ते वाक्य अजून कानातून जात नाही. ‘शिक्षण अर्धवट, बोलणं अर्धवट, लग्न तेवढं पूर्ण पाहिजे.’ आणि वर चहा मात्र पूर्ण प्यायला लावला. इंजिनिअरिंग सोडलं ते मला जमत नव्हतं म्हणून नाही, तिथे बसवत नव्हतं म्हणून. हे त्यांना सांगायला गेलो तर म्हणे, आवाज खाली. माझा आवाज असाच आहे. आमच्याकडे सगळे असेच बोलतात, बायकासुद्धा.

काल त्याच सोडलेल्या कॉलेजातले पोट्टे गिऱ्हाईक म्हणून आले. प्रोजेक्टर भाड्यानं द्यायचं माझं काम तुला माहीत आहे. लग्न, वाढदिवस, पुढाऱ्याचा सत्कार, काहीही. ह्यांना सिनेमा बघायचा होता. माझ्याच बेंचवर बसून माझ्याच वहीतून उतरवणारा एक जण मला म्हणतो, ‘भैया, फोकस.’ भैया! त्याच्या डोक्यात वायर घालावीशी वाटली. भाडं घेतलं आणि फोकस केला.

सिनेमाचं नाव ‘रुईवाली’. सत्त्याहत्तर सालचा, हिंदी. तेव्हा तीन दिवसही चालला नव्हता म्हणे. आता कुठून तरी एकुलती एक व्हीसीडी निघाली आणि ही साठ-सत्तर पोरं त्याची भक्त झाली आहेत. जिनिंग कारखान्याचा मालक नव्या नवरीला कापसाच्या गठाणीत दाबतो आणि ती भूत होऊन येते, एवढी गोष्ट. पण दाखवलं काय आहे! नवरीचे केस कापसाचे. नवरदेव गठाणीतून पापडासारखा चपटा होऊन निघतो आणि तसाच काश्मिरात गाणं म्हणतो. एक बकरी चष्मा लावून सरकी खाते. का, ते शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. पोरांना सगळे संवाद पाठ. पडद्यावरच्यांच्या आधी हेच बोलतात.

पण मध्येच एक दृश्य येतं आणि हसू थांबतं. भर दुपार. कापसाची गंजी, घरापेक्षा उंच. एक बाई तिच्यावर चढते. ही हिरोइन नाही, दुसरीच कोणी. एकदा वळून बघते, हसते, पदर खोचते. मग खाली जायला लागते. गुडघे, कंबर, छाती. हात वर राहतो, मग तोही नाही. अख्खा सिनेमा बोंबलत असतो, आणि इथे संगीत नाही, किंकाळी नाही, काही नाही. आणि पडद्याच्या अगदी डाव्या कडेला, तट्ट्याजवळ, एक काटकुळा तरुण उभा. ओठावर बोट ठेवून. सरळ आपल्याकडे बघतो. पोरांनी त्याला ‘चूपवाला’ नाव दिलं आहे. तो दिसला की सगळा हॉल ओठावर बोट ठेवतो. साठ-सत्तर जण, अंधारात, गप्प. मीही ठेवलं, देवश्री. मजा आली.

बाहेर आलो तर खरेदी केंद्रापुढे कापसाच्या गाड्यांची रांग, तीन दिवसांपासून तशीच, आणि तिच्या कडेनं कोण्या मंत्र्याच्या गाड्यांचा ताफा भोंगे वाजवत चाललेला. संध्याकाळच्या पेपरात पुन्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा आकडा होता. सगळ्यांचा राग आला. तुझ्या बाबांचा सर्वांत जास्त.

लिही. नाहीतर मी येतो.

गौरांग


अकोला,
२० नोव्हेंबर २००६

गौरांग,

तुझं पत्र तीनदा वाचलं. येऊ नकोस.

दोन गोष्टी विचारते, त्यांची नीट उत्तरं दे, भाषण नको. तो चूपवाला बोट कोणत्या हाताचं ठेवतो? आणि दुसरा हात कुठे असतो?

तो सिनेमा पुन्हा कुणाला दाखवू नकोस. मी सांगते म्हणून.

रविवारी नागपूरहून पाहुणे येऊन गेले. आईनं माझी काळी साडी बदलायला लावली. याहून जास्त त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही.

देवश्री


अमरावती,
२५ नोव्हेंबर २००६

देवश्री,

पाहुणे येऊन गेले! एका ओळीत! आणि मला विचारतेस काय, तर सिनेमातल्या माणसाचा हात कोणता. मी महिनाभर जळून राहिलो आणि तू मला प्रश्नपत्रिका पाठवतेस. त्या नागपूरवाल्यालाही विचारलंस का, बाबा रे, तुझा हात कोणता? साडी बदललीस म्हणजे मान्य केलंस. सरळ लिहायचं होतं.

पोरांची व्हीसीडी माझ्याकडेच राहिली होती, रागातच लावली. तुला उत्तर द्यायला नव्हे, तुझा प्रश्न किती फालतू आहे ते बघायला. डावा हात. दुसरा पाठीमागे, कमरेवर टेकवलेला. चित्र थांबवलं. दहा मिनिटं बघत बसलो.

मग कळलं, तू का विचारलंस.

तुमच्या बैठकीत मी आवाज चढवला तेव्हा ते असेच उभे राहिले होते. डावं बोट ओठावर, उजवा हात मागे. सिनेमात केस काळे आणि गाल बसलेले, एवढाच फरक. देवश्री, चूपवाला तुझा बाप आहे! मला ‘सिनेमे दाखवत फिरणारा’ म्हणणारे वकीलसाहेब चष्मेवाल्या बकरीच्या सिनेमात आहेत!

रात्रभर हसलो. आता त्या चित्राचे पोस्टर छापतो आणि अकोला कोर्टाच्या फाटकावर लावतो. बार रूममध्ये सगळे काळे कोट ओठावर बोट ठेवून त्यांचं स्वागत करतील. मग बोलू अर्धवट कोण ते.

गौरांग


अकोला,
३ डिसेंबर २००६

गौरांग,

पोस्टर छापलंस तर माझं तोंड पुन्हा पाहू नकोस. हे धमकी म्हणून लिहीत नाही. पुढे वाच म्हणजे कळेल.

हो, ते बाबाच. तुझ्या पहिल्याच पत्रात ओळखले. लहानपणापासून घरात आम्हाला ते असंच गप्प करतात. रागावत नाहीत, मारत नाहीत. फक्त तसे उभे राहतात. मी आणि दादा खेळता खेळता जागीच थिजायचो.

मी त्यांना विचारलं. जेवताना, सगळ्यांसमोर, म्हणजे उठून जाता येणार नाही. त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, लॉ करत होतो, तिवशाजवळ एका जिनिंगमध्ये मुंबईचं युनिट आलं होतं, गॅदरिंगच्या नाटकांमुळे मला ठेवून घेतलं, मी फक्त गर्दी गप्प ठेवायचो. मी विचारलं, ती बाई कोण होती? ते म्हणाले, होती जिनिंगमधली कोणी कामकरी. मी म्हटलं, नाव? ते हात धुवायला उठले. बाबांना पंचवीस वर्षांपूर्वीच्या खटल्यातल्या साक्षीदाराच्या गावाचं नाव आठवतं. ह्या बाईचं आठवत नाही?

तुझा हेवा वाटतो मला. तुला बाबांचा फक्त राग येतो. मला त्या दिवसापासून त्यांच्या ताटात भाजी वाढताना हात जड होतो.

नागपूरचं मी मान्य केलेलं नाही. साडी बदलली म्हणजे नवरा मान्य केला, हा शोध तुझा. माझ्यासाठी एक कर. तिवशाला जा. ती बाई कोण, तिचं पुढे काय झालं, ते शोध आणि मला खरं खरं कळव. मला इथून निघता येत नाही. हे काम दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं.

देवश्री


अमरावती,
१९ डिसेंबर २००६

माझ्या देवश्री,

उशीर झाला. पण जे सांगणार आहे ते ऐकून उशीर माफ करशील.

बाबा हो म्हणाले! काल त्यांना ऑफिसात भेटलो. तासभर बसलो. संक्रांत झाली की बोलणी, माघात लग्न. कसं झालं, काय बोललो, ते विचारू नकोस. माणसं बदलतात असं धर. नागपूरला ते आजच कळवणार आहेत.

तिवशाला जाऊन आलो. जिनिंग कधीच बंद पडलं, आवारात बाभळी उगवल्या आहेत. फारसं कुणाला आठवत नाही. जुनी गोष्ट आहे. जाऊ दे आता. ती व्हीसीडी मी ठेवून दिली आहे, पोरांनाही देणार नाही. तुला तेच हवं होतं ना?

मला कालपासून भूक लागत नाही, आनंदानं असेल.

तुझाच,
गौरांग


अकोला,
२८ डिसेंबर २००६

गौरांग,

आनंदानं भूक मरत नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हाच कळलं, कारण पहिल्यांदाच त्यात एकही शिवी नव्हती.

बाबा माझ्याशी फार गोड वागत होते. मोबाइल परत दिला. ‘मुलगा समजूतदार आहे, त्यानं शब्द दिला आहे,’ असं आईला सांगताना ऐकलं. कसला शब्द, विचारलं तर उत्तर नाही. मंगळवारी माहेनूरला घेतलं, अमरावतीला बस बदलली आणि तिवशाला गेले. तुला जे आठवणारं कुणी भेटलं नाही, ते मला स्टँडवरच्या पहिल्या चहावाल्यानं सांगितलं. जयवंताबाईकडे जा म्हणाला.

तिनं मला विचारलं, ‘तू बी त्या अमरावतीच्या पोराची का वं? मागच्या पंधरवड्यात आला व्हता. म्या सांगतलं तसा रडला. हाताले हात लावून म्हणे, बेबीले मी सांगतो.’

रडलास. हात लावलास. आणि मग माझ्या बापाच्या ऑफिसात गेलास.

तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. तुझ्या आणि माझ्या मध्ये हे एकदा कागदावर असू दे. तिचं नाव चतुराबाई. जयवंताबाईची जोडीदारीण. गंजीवर एकटीनं कधीच चढायचं नाही, ही त्यांची रीत. एक वर, एक खाली. खालचीनं थोड्या थोड्या वेळानं हाक मारायची, वरचीनं ओ द्यायची. ओ आली नाही की सगळ्यांनी धावायचं, कारण कापूस माणसाला गिळतो आणि आवाज होत नाही. हिरोइन चढायला घाबरली म्हणून चतुराबाईला चढवलं. ती छान बुडावी म्हणून सिनेमावाल्यांनी गंजी खालून पोकळ करवली होती. आणि शूटिंग चाललंय, आवाज नको, म्हणून गर्दीला गप्प ठेवायला माझे बाबा.

‘हाकेवरच तं काम चाले, बाई,’ ती म्हणाली. ‘हाक माह्या तोंडात आली व्हती. तो वकिलीचा पोट्टा बोट ठेवून उभा. म्या हाक गिळली. मले वाटलं, शिकलेला हाय, त्याले समजत असन.’

हे बोलून ती कांदे चिरायला लागली. एका वेळी पाच-सहा चिरले. कशाला, कुणास ठाऊक. घरात ती एकटीच आहे.

पंचनाम्यात लिहिलं, दारू पिऊन दुपारच्या सुट्टीत गंजीवर झोपली. पंच म्हणून सही माझ्या बाबांची. खाली अंगठा जयवंताबाईचा. काय लिहिलंय ते तिला दोन वर्षांनी कळलं. चतुराबाईनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. तिची मुलगी बेबी तेव्हा दोन वर्षांची. मामाकडे वरूडला वाढली, दारुडीची पोर म्हणून. लग्न दोनदा मोडलं, त्याच एका कारणानं. आई सिनेमात आहे हेसुद्धा तिला माहीत नाही.

आणि तुझ्याकडे ती व्हीसीडी आहे. तिच्यात चतुराबाई भर दुपारी, स्वतःच्या पायांनी, नीट तोल सांभाळत चढते. कॅमेऱ्यापुढे. कोणता दारुडा सुट्टीत कॅमेऱ्यापुढे झोपतो? एवढं एकच खरं त्या मूर्ख सिनेमात उरलं आहे. ते देऊन तू काय घेतलंस?

मला घेतलंस.

मित्रांमध्ये छाती काढून सांगायचास, हुंडा घेणार नाही. मग हे काय आहे? एका मेलेल्या बाईची अब्रू हुंड्यात घेऊन मी तुझ्या घरात यायचं, आणि तू मला बघून आयुष्यभर आठवायचं की ही कशाच्या बदल्यात आली? बाबांनी तेव्हा तरी घाबरून सही केली असेल. बावीस वर्षांचे होते, समोर मालक, मुंबईची माणसं, पोलीस. तुझ्यासमोर कोण होतं?

बाबांना मी सांगितलं आहे, हे लग्न होणार नाही. नागपूरचंही नाही. ते चिडलेसुद्धा नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

देवश्री


अमरावती,
७ जानेवारी २००७

देवश्री,

तुझं पत्र आल्यावर भिंतीवर हात आपटला. बोट सुजलं आहे, अक्षर म्हणून असं. राग तुझाच आला होता. मग तीन दिवस त्याच रागाला फिरवत राहिलो, आणि तो ज्याच्यावर जाऊन बसायचा त्याच्यावर बसला.

सफाई देत नाही. तिवशाहून निघालो तेव्हा वरूडचीच बस धरायची होती. स्टँडवर आधी अकोल्याची लागली. मनात म्हटलं, आधी तुझ्या बापाचं तोंड बघू, मग बेबीताईकडे जाऊ. त्यांच्यासमोर मी ओरडलो, जेवढं ओरडता येतं तेवढं. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि एकच विचारलं, ‘तुला काय पाहिजे?’ देवश्री, मला आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. घरी नाही, कॉलेजात नाही. तोंडातून तुझं नाव निघून गेलं. ते ‘बरं’ म्हणाले. एवढ्यात झालं सगळं. बाहेर आलो तेव्हा मी जावई होतो. मला तू हवी होतीस हे अजून तेवढंच खरं आहे, आणि त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

त्यांना बुधवारी फोन केला. सांगितलं, माझा शब्द मोडला, तुमचाही मोडा. त्यांनी फोन ठेवला.

गुरुवारी वरूडला गेलो. बेबीताई संत्र्याच्या पॅकिंगवर आहे. शेडमध्ये पन्नासेक बाया पेट्या भरत होत्या. विचारलं तर एक म्हणते, ‘कोन बेबी, त्या दारुडीची?’ सहज म्हणाली, कुणाच्या घराची खूण सांगावी तसं. मी तिच्यावर धावूनच गेलो असतो, पण तेवढ्यात मागून स्वतः बेबीताईच म्हणाली, ‘हो, तीच. बोला.’

मी सगळं सांगितलं. पेटी भरता भरताच ऐकत होती. तुझ्या बाबांचं नाव सांगितलं. माझंही सांगितलं, मी काय सौदा केला तो. हात थांबला नाही. शेवटी म्हणाली, ‘माय दिसते म्हणता त्याच्यात?’

तिच्याकडे आईचा फोटो नाही. एकही नाही.

तिच्या खोलीवर गेलो. लाइट गेलेली होती, चारला येते. बारा तास जाते तिथे. तिचा टीव्ही, माझा प्लेअर. दोन तास वाट बघितली. तिनं संत्री सोलून दिली, मी खाल्ली नाहीत, तिनं पुन्हा सोलली. लाइट आल्यावर मी सिनेमा पुढे पळवून त्या दुपारपाशी आणला. आई चढताना दिसली तशी ती उठून टीव्हीपाशी गेली. अगदी जवळ, काच नाकाला लागेल एवढी. चतुराबाई वळली, हसली, पदर खोचला. बेबीताई म्हणाली, थांबवा. पुढचं नाही पाहायचं. मागं घ्या.

मागं घेतलं. पुन्हा चढली, वळली, हसली. पुन्हा मागं. किती वेळा ते मोजलं नाही. एकदा म्हणाली, दात माझ्यासारखे आहेत. एकदा म्हणाली, पाय कसा नेमका टाकून राहिली पाहा, पिलेलं माणूस असं टाकते काय? मग रडली नाही ती, चिडली. एवढं शांत चिडलेलं माणूस मी पाहिलं नाही. म्हणाली, ‘बत्तीस वर्षांची झाली मी. तिच्याहून मोठी झाली. आन् इतके दिवस मी बी तिले शिव्याच देत होती.’

प्लेअर आणि व्हीसीडी तिथेच ठेवून आलो.

मी म्हटलं, पंचनाम्याची नक्कल काढू, अर्ज करू, पेपरात देऊ, मी येतो, मी बोलतो. ती म्हणाली, ‘तुमी कोन?’ वाईट वाटावं म्हणून नव्हे. खरंच विचारलं.

शुक्रवारी, बारा तारखेला, ती अकोल्याला तुमच्या घरी येते आहे. तिवशाहून जयवंताबाईला सोबत घेईल. तिला पैसे नकोत, तुझ्या बाबांची बदनामी नको. तिला एवढंच हवं आहे की त्यांनी त्यांच्या हातानं लिहून द्यावं, त्या दिवशी काय झालं ते, चतुराबाईचं पूर्ण नाव घालून, आणि खाली सही. तो कागद ती शेडमध्ये वाचून दाखवणार आहे. त्यांनी दिला नाही तरी बसून राहणार, उठणार नाही असं म्हणाली. मला खरं वाटलं.

मी येत नाही. तुझ्याकडून पत्राची वाट बघत नाही, असंही खोटं लिहीत नाही.

बेल वाजली की दार तू उघड. दोघींना खुर्च्या दे.

गौरांग